बांधापाशी थांबलेला रस्ता

शहर वाढलं की रस्ते वाढतात. पण ते एकमेकांना जोडलेले राहतात का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असं येतं. धाराशिवला सांजा रोडकडे किंवा बार्शी नाक्यापलीकडे पडलेल्या नव्या वसाहतींत हे डोळ्यांनी पाहता येतं. शेजारच्या कॉलनीतलं घर गच्चीवरून दिसतं, तिथल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. पण तिथं जायचं तर आधी मेन रोडला यायचं, पुढच्या कमानीतून आत वळायचं आणि तितकंच पुन्हा चालायचं. समजा, दोन लेआउट शेजारीशेजारी आहेत, दोन्ही मुख्य रस्त्यापासून २०० मीटर आत गेलेले आणि मध्ये फक्त शेताचा जुना बांध. टोकाच्या दोन घरांत २० मीटरचं अंतर आहे. दोन्ही लेआउटची तोंडं एकमेकांपासून १०० मीटरवर असतील, तर त्या २० मीटरसाठी ५०० मीटर चालावं लागतं. पंचवीस पट. शाळेत जाणारं पोर, दुधाची पिशवी आणायला निघालेली आजी, घंटागाडी, टँकर, रुग्णवाहिका, सगळ्यांनाच हा फेरा पडतो आणि तो रोज पडतो.

२०११च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या थोडी वर होती आणि तिच्यातले जेमतेम १७ टक्के लोक शहरांत राहत होते. खुद्द धाराशिव शहर तेव्हा नुकतंच लाखाच्या पुढं गेलं होतं. म्हणजे या जिल्ह्याची शहरी वाढ बरीचशी अजून व्हायची आहे. पुण्या-मुंबईत हा विषय आता दुरुस्तीचा उरला आहे. इथं तो अजून निवडीचा आहे, म्हणूनच त्याच्याकडे आत्ता पाहायला हवं.

रस्त्यांची जोडणी मोजता येते. १७३६ साली ऑयलरनं क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवलं तेव्हा त्यानं रस्त्याची लांबी-रुंदी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं की कुठल्या ठिकाणी किती वाटा येऊन मिळतात. आजची मोजणी त्याच विचारावर उभी आहे. चौकात चार वाटा मिळतात, तिकाटण्यावर तीन, आणि बंद टोकाला एकच. शहरात चौक किती, तिकाटणी किती आणि बंद टोकं किती, यावरून जाळं किती घट्ट आहे ते कळतं. दुसरं माप फेऱ्याचं: सरळ अंतराच्या किती पट चालावं लागतं? काटकोनी चौकटीच्या शहरात हे प्रमाण फार तर १.४१ पट होतं. फांद्या फुटत गेलेल्या रचनेत त्याला वरची मर्यादाच नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविदानं १९६५ मध्येच बजावलं होतं की शहर म्हणजे झाड नव्हे. झाडाच्या एका फांदीवरून दुसरीवर जायचं तर खोडाशी यावंच लागतं. आपल्या वसाहती मात्र झाडासारख्या वाढतात आणि मुख्य रस्ता त्यांचं खोड होतो. मग खोडावर गर्दी झाली की आपण खोड रुंद करायला निघतो.

जगभरच्या रस्त्यांचा असा हिशेब ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघांनी मांडला. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते आणि उपग्रहांवरून कळणारा वस्तीचा काळ यांची सांगड घालून, कुठल्या दशकात बांधलेले रस्ते किती तुटक आहेत हे त्यांनी तपासलं. २०१५च्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतली तुटकता १९९४च्या सुमारास शिखरावर पोचून मग उतरू लागलेली दिसते. २०२०च्या अभ्यासात जगाचा कल १९७५ पासून उलट, म्हणजे तुटकतेकडेच चाललेला दिसतो. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू अशा काही देशांनी नव्या वाढीतही चौकट सोडली नाही. आग्नेय आशियात भिंती घातलेल्या वसाहतींनी रस्त्यांचे तुकडे केले. त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष मला हा वाटतो: रस्त्याची आखणी एकदा झाली की ती जवळजवळ कायमची. घर पाडून नवं बांधता येतं, दुकान हलतं, पण रस्त्याची रेघ शतकानुशतकं टिकते, आणि आज जिथं तुटक रस्ते पडले तिथं पुढची भरही तुटकच पडते.

हे आकडे आपल्या छोट्या शहरांना जसेच्या तसे लावताना मात्र जपावं लागतं. दोन माणसं शेजारून जाऊ शकतील एवढा बोळ नकाशावर अनेकदा नसतोच. उलट, कागदावर जोडलेला दिसणारा रस्ता जागेवर कोणीतरी दगड टाकून, तार ओढून अडवलेला असतो. आपल्याकडे जोडणी मोजायची तर पायी फिरूनच मोजावी लागेल.

या जिल्ह्याला दूरच्या वाटांचा इतिहास जुना आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे, आणि तिथला माल धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून गाड्यांनी भडोचला जातो असाही उल्लेख आहे. रस्ता बांधलेला नसतानाही जोडणी असते, ती चाकोऱ्यांनी होते, हे त्यातून दिसतं. गावाच्या आतही तसंच घडलं. धाराशिवचं भोगावतीकाठचं जुनं गावठाण, परंड्याची किंवा नळदुर्गची किल्ल्यालगतची वस्ती घ्या. गल्ल्या वाकड्या आहेत, अरुंद आहेत, काही बोळ एखाद्या भावकीच्या वाड्याशीच संपतात. तरी पायी माणसाला तिथं एका जागेहून दुसरीकडे जायला दोन-तीन वाटा असतात. लंडनच्या बिल हिलिअर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी १९८४च्या त्यांच्या ग्रंथात दाखवलं की अशा वाकड्या वस्त्यांनाही आतली शिस्त असते: काही वाटा सगळ्या गावाच्या, काही फक्त तिथं राहणाऱ्यांच्या. बाजाराची वाट सगळीकडून जवळ पडते, घराचा बोळ मुद्दाम आडबाजूला राहतो. त्या रचनेत जातीपातीच्या भिंतीही होत्या, हे विसरून तिचं गुणगान करता येणार नाही. कुठल्या गल्लीतून कोणी जायचं नाही हे ठरलेलं असे, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला वेशीपर्यंतचीच वाट होती. गल्ल्यांची आखणी जोडत होती तेव्हा समाज तोडत होता. जोडणीचा आढावा घेताना ही गोष्ट मोजमापात धरायलाच हवी.

निजामी अमलात १९०४ साली जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला आलं. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून वकील, कारकून, शाळा आल्या. आखून केलेल्या शहररचनेचा त्या काळातला ठळक नमुना मात्र धाराशिवला नव्हे, लातूरला उभा राहिला. १९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होतं. तिथली गंजगोलाई १९१७ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली. मध्ये गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. व्यापारी गावासाठी ही रचना नामी होती, कारण कुठल्याही दिशेनं आलेली गाडी अडतीशी सरळ पोचते. पण किरणांसारख्या पसरणाऱ्या रचनेचा एक दोष असतो. केंद्रापासून दूर जावं तसं दोन रस्त्यांमधलं अंतर वाढत जातं, आणि वेळेवर आडवे रस्ते टाकले नाहीत तर शेजारच्या दोन किरणांवरचे लोक एकमेकांना केंद्रातूनच भेटतात.

धाराशिवची वाढही अशीच झाली, फक्त ती कोणी आखली नव्हती. बार्शी, तुळजापूर, औसा-लातूर आणि येडशीमार्गे बीड, असे चार दिशांचे रस्ते आणि त्यांच्या कडेनं सरकत गेलेली घरं. रेल्वेनं शहराला फार उशिरा जोडलं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली, पण ती येडशीवरून गेली आणि जिल्ह्याचं ठाणं बाजूला राहिलं. रुंद मार्ग करताना तो वळवून धाराशिवला आणला, तोपर्यंत २००७-०८ साल उजाडलं. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षं या शहराला वाढायला रस्त्याची कडा हीच जागा होती. नाका झाला, नाक्यावर चहाचं दुकान, मग गॅरेज, मग मंगल कार्यालय. मागची जमीन शेतीच राहिली.

ही अवस्था जगात सगळीकडे येऊन गेली आहे. मिलानच्या उत्तरेकडच्या ग्रोआने भागातल्या सुमारे दोनशे वर्षांच्या नकाशांवरून एमानुएले स्त्रानो, मार्क बार्तेलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की रस्त्यांचं जाळं दोन रीतींनी वाढतं. एक रीत मोकळ्या रानात नवी वाट काढण्याची, दुसरी असलेल्या वाटांमधली पोकळी आडव्या रस्त्यांनी भरण्याची. आधी पहिली जोरात असते, पुढं दुसरी वरचढ होते आणि जाळं घट्ट होत जातं. या निष्कर्षावर विसंबून 'कालांतरानं आपोआप जुळेल' असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. पोकळी भरते हे खरं, पण ती कशानं भरते हे जमिनीच्या मालकीवर ठरतं. आपल्याकडे ती आडव्या रस्त्यांनी भरलेली नाही, गट नंबरांनी भरलेली आहे.

सगळा पेच या गट नंबराशी आहे. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानं शेतजमिनींचे गट पडले. गटांच्या हद्दी पडल्या त्या नांगराच्या सोयीनं, विहिरीच्या, उताराच्या आणि भावाभावांतल्या वाटणीच्या हिशेबानं. पुढं घरांचे रस्ते याच हद्दींत बसवले जातील, असा विचार तेव्हा कोणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. नंतर शहर जवळ आलं, एकरात व्यवहार करणारा शेतकरी गुंठ्याचा भाव ऐकू लागला, आणि गट बिनशेती झाला. लेआउट पडतो तो एका मालकाच्या गटापुरता. मध्ये रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट, कोपऱ्यात दहा टक्के खुली जागा. रस्ता बांधापर्यंत जातो आणि थांबतो. अनेक ठिकाणी तर बांधापर्यंतही जात नाही, कारण रस्त्याच्या तोंडावरच शेवटचा प्लॉट पाडलेला असतो.

मालकाची बाजू समजून घेतली पाहिजे. नऊ मीटरचा रस्ता बांधापर्यंत आणखी २० मीटर न्यायचा म्हणजे १८० चौरस मीटर जागा गेली, पावणेदोन गुंठे. जिल्ह्याच्या ठिकाणी ती लहान रक्कम नाही. शिवाय विकास नियंत्रण नियमावलीत रस्ता जितका लांब तितका तो रुंद ठेवावा लागतो, त्यामुळे रस्ता आखूड ठेवण्यातच फायदा. आणि पावणेदोन गुंठे देऊन मिळतं काय? शेजाऱ्याच्या जमिनीला तोंड मिळतं, तिचा भाव चढतो. आपण का द्यायचं? शेजाऱ्यानं त्याची जागा आधी द्यावी. शेजारीही हेच म्हणतो. जोडणी ही वस्तूच अशी आहे की तिचा लाभ सगळ्यांना थोडा थोडा होतो आणि किंमत एकट्याला मोजावी लागते. म्हणून ती बाजारावर सोडली तर होत नाही. आपल्या जमिनीतले रस्ते शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी जुळवून घे, असं मंजुरी देताना मालकाला सांगण्याचा अधिकार प्राधिकरणाला नियमांत आहे. तो वापरला तर काम होतं. पण मंजुरीला आलेला नकाशा एका गटाचा असतो, आणि शेजारचा गट अजून ज्वारीखाली असतो. नसलेल्या रस्त्याशी जुळवायचं कसं, या एका सवालावर फाइल पुढं सरकते.

विकास योजनेनं हे काम करायचं असतं. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानं नगरपरिषदांना ती बंधनकारक केली. नकाशावर जाड रेघांनी डी.पी. रोड आखले जातात. त्या रेघेची जमीन मात्र खाजगीच असते आणि ती घ्यायला पालिकेकडे पैसा नसतो. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण उठतं. म्हणून छोट्या शहरांतला डी.पी. रोड तुकड्यातुकड्यांत दिसतो: एका लेआउटमध्ये रुंद, पुढच्या शेतात गायब, त्यापुढं पुन्हा रुंद. जिथं लेआउटच मंजूर झाला नाही, साध्या स्टॅम्पपेपरवर गुंठे विकले गेले, तिथं तर रस्ता म्हणजे विकून उरलेली जागा. २००१चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ मधली त्याची दुरुस्ती यांनी अशा वस्त्या नियमित करण्याची वाट दिली. गरिबाच्या घराला कायद्याचं छत मिळालं, हे चांगलंच झालं. रस्त्याची तुटकताही त्याबरोबर कायम झाली.

याची झळ फक्त चालणाऱ्याला बसते असं नाही. नळ आणि गटार रस्त्याखालूनच जातात. धाराशिवला उजनी धरणाचं पाणी येतं, शंभराहून जास्त किलोमीटर लांबून, चढ चढून. एवढ्या खर्चानं आलेलं पाणी शेवटच्या दोनशे मीटरला अडखळतं. जलवाहिनी दोन्ही टोकांनी जोडलेली असली की पाणी दोन बाजूंनी येतं आणि दाब टिकतो. बंद टोकाच्या वाहिनीत शेवटच्या घराला दाब कमी आणि साचलेलं पाणी जास्त. शेवटच्या प्लॉटवरच्या बाईला पहाटे मोटर का लावावी लागते, याचं एक कारण बांधापाशी थांबलेल्या रस्त्यात आहे.

मग सगळीकडे काटकोनी चौकट आखली की झालं? नाही. या जिल्ह्यानं त्याचा अनुभव घेतला आहे, तोही फार मोठी किंमत देऊन. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीबरोबर तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी ही गावं कोसळली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. सुमारे २८ हजार घरं नव्यानं बांधली गेली. जमीनधारणेनुसार घराचं माप ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट.

लोकांना तेव्हा गल्लीची भीती वाटत होती. अरुंद बोळांत भिंती दोन्हीकडून पडल्या, पळायला जागा मिळाली नाही, मदतीची वाहनं आत येऊ शकली नाहीत. रुंद, सरळ रस्ते हवेत ही मागणी त्या पहाटेतून आली होती आणि ती रास्त होती. नवी गावं तशी आखली गेली: समांतर रस्ते, काटकोनात छेदणारे रस्ते, ओळीत घरं. वर सांगितलेल्या कुठल्याही मापानं मोजलं तर ही गावं अव्वल ठरतील. बंद टोकं नाहीतच, चौकच चौक.

पण गाव जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलं. पूर्वी मारुतीचं देऊळ, पार, पिठाची गिरणी, भावकी सगळं हाकेच्या अंतरावर होतं. आता रस्ता सरळ असूनही उन्हात तेवढं चालणं आलं. रस्ते इतके रुंद की कडेच्या दोन ओसऱ्यांवर बसलेल्या बायकांचं बोलणं एकमेकींना ऐकू जाईना. घरं ओळीनं वाटली गेली त्यात शेजार बदलला. पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुढं वारंवार नोंदवलं, आणि लोकांनी केलेल्या दुरुस्त्याही नोंदवल्या. कोणी घरापुढं पत्र्याची शेड उभी केली, कोणी कुंपणभिंत घालून अंगण केलं, कोणी जनावरांचा गोठा रस्त्याच्या रुंदीतच काढला. लोक आखलेला रस्ता अरुंद करत होते, कारण त्यांना गल्ली हवी होती. भूकंपात पडणार नाही अशी, पण गल्लीच.

म्हणून जोडणी मोजताना चौकांची संख्या पुरेशी नाही. माणसाला रोज जिथं जायचं ते किती पावलांवर आहे, आणि वाटेत सावली व ओळखीचं माणूस भेटतं का, हेही त्यात येतं. लेआउटच्या धाराशिवमध्ये घरं जवळ आणि वाटा तुटलेल्या. पुनर्वसित सास्तूरमध्ये वाटा जुळलेल्या आणि घरं लांब. चालणाऱ्याचे पाय दोन्हीकडे सारखेच दुखतात. आपल्या नगररचनेला या दोन्ही चुकांतला सारखेपणा अजून दिसत नाही, कारण तिचं सगळं लक्ष रस्त्याच्या रुंदीवर असतं.

तुळजापूरची गोष्ट वेगळी आहे. तिथले सगळे जुने रस्ते महाद्वाराकडे उतरतात. बालाघाटाच्या उतारावरचं गाव, आणि देऊळ खोलात. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला येणारी गर्दी एका दिशेनं आत येते आणि त्याच वाटांनी बाहेर पडते. येणारा आणि जाणारा प्रवाह वेगळा करायला जोडगल्ल्या लागतात, त्यांची तिथं वानवा आहे. रुंदीकरणानं कमानवेशीतून आत येणं सोपं होईल. बाहेर पडण्याची दुसरी वाट मात्र मुद्दाम काढावी लागेल.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याला एक नवा तोडणारा रस्ता मिळाला, तो म्हणजे चौपदरी महामार्ग. सोलापूरहून तुळजापूर, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादला जाणारा ६५, या दोघांनी दूरची गावं जवळ आणली. मालाला, रुग्णाला, शिकणाऱ्या मुलांना त्याचा खरा लाभ झाला आहे. पण महामार्ग दूरचं जोडतो तेव्हा जवळचं कापतो. घर अलीकडे आणि शेत पलीकडे राहिलेल्या शेतकऱ्याला बैलगाडी घेऊन भुयारी मार्गापर्यंत जावं लागतं, नाहीतर दुभाजकातल्या फटीतून जीव मुठीत धरून ओलांडावं लागतं. बायपास शहराबाहेरून काढला तरी दहा-पंधरा वर्षांत शहर त्याच्यापर्यंत पोचतं आणि मग तो शहराच्या मधली भिंत होतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचं भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झालं, आणि त्याचा भराव आता उभा राहतो आहे. भरावाखालून किती वाटा ठेवल्या, त्या बैलगाडीपुरत्या की बसपुरत्या, यावर २०५० सालच्या तुळजापूरची आणि धाराशिवची जोडणी ठरणार आहे. आज शेताकडे जाणारी पाणंद उद्या कॉलनीचा रस्ता होते. म्हणून आजच्या वहिवाटीपुरता मार्ग ठेवला तर तो अपुरा पडणार हे धरूनच चालावं.

पाणंदींचं महत्त्व या दृष्टीनं फार आहे आणि त्यांच्याकडे नगररचनेच्या नजरेनं कोणी पाहत नाही. शिवरस्ते, गाडीवाटा, बांधावरून जाण्याचे हक्क हे गटांमधले एकमेव जुने दुवे आहेत. १९०६चा मामलेदार न्यायालयाचा कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो, जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता देतं. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, आणि २०२५ मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे आदेश निघाले. तहसील कचेऱ्यांत शेतरस्त्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात, भावकीत डोकी फुटतात, म्हणून हे पाऊल मोलाचं आहे. माझं म्हणणं एक पायरी पुढचं आहे. शहराच्या हद्दीलगतच्या गावांत या नोंदी आधी व्हाव्यात, आणि गट बिनशेती होताना तीच वाट लेआउटच्या नकाशात जशीच्या तशी, दोन्ही टोकांनी उघडी उतरावी. आज उलट घडतं. लेआउट पडतो तेव्हा पाणंद सगळ्यात आधी गिळली जाते.

यापेक्षा मोठा उपाय नगररचना योजनेचा, म्हणजे टी.पी. स्कीमचा. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या, उरलेल्या जमिनीचे चौरस भूखंड करून ज्याचे त्याला परत द्यायचे. जमीन प्रत्येकाची थोडी घटते, पण प्रत्येक भूखंडाला रस्ता मिळतो आणि भाव वाढतो. पावणेदोन गुंठ्यांचा पेच इथं सुटतो, कारण सगळेच एकदम देतात. ही कल्पना आपल्यासाठी परकी नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५चा, आणि १९६६च्या अधिनियमातही तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातनं, विशेषतः अहमदाबादनं, ती चिकाटीनं वापरली. महाराष्ट्रात ती मोठ्या शहरांपुरती राहिली आणि तिथंही विरळच. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यासारख्या नगरपरिषदेला ती पेलेल का? मोजणी, मालकांची समजूत, हरकती, लवाद हे सगळं करायला नगररचनाकार लागतो, आणि लहान पालिकांत त्याचीच उणीव असते. तरी एखाद्या पंचवीस-तीस एकरांच्या पट्ट्यावर करून पाहायला हरकत नाही. एकदा डोळ्यांनी दिसलं की शेजारचे मालक स्वतःहून विचारायला येतील.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. बंद टोकाची गल्ली लोकांना आवडते. वाहनांची वर्दळ नाही, पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळू शकतात, अनोळखी माणूस आला की कळतं. प्लॉट विकणारेही तेच सांगतात. अमेरिकेत १९२९ मध्ये वसवलेल्या रॅडबर्न या वसाहतीत बंद टोकाच्या गल्ल्यांचा प्रयोग याच कारणांसाठी झाला. पण तिथं मोटारीची वाट बंद होती, पायी माणसाची नव्हती. घरांच्या मागून जाणाऱ्या पायवाटांनी सगळ्या गल्ल्या जोडलेल्या होत्या. पुढं जगानं बंद टोक उचललं आणि पायवाट सोडून दिली. जर्मनी-डेन्मार्कसारख्या देशांनी ती धरून ठेवली, म्हणून मोटारीच्या हिशेबानं तुटक दिसणारी त्यांची उपनगरं चालणाऱ्याच्या आणि सायकलवाल्याच्या हिशेबानं जोडलेली आहेत. आपल्या गावठाणातला बोळ हेच काम करत होता.

त्यामुळे झालेल्या वसाहतींतही काही करता येईल. रस्ता जोडणं महाग आहे, पायवाट जोडणं तितकं महाग नाही. ठरावीक क्षेत्रफळाच्या वरच्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. आज ती बहुधा उरल्यासुरल्या कोपऱ्यात, जिथं प्लॉट नीट बसत नाही तिथं टाकतात, आणि वर्षभरात तिथं बाभळी उगवतात. तीच खुली जागा बांधालगत घ्यावी अशी अट घातली, शेजारच्या गटाचा लेआउट आला की त्याचीही खुली जागा त्याच बांधाला लागून घेतली, आणि मध्ये तारकुंपण न घालता तीन मीटरची पायवाट ठेवली, तर कोणाचाही एक गुंठा जास्त न जाता दोन वसाहती जोडल्या जातात आणि दोन तुकड्यांची मिळून एक बरीशी बाग होते. याला नवा कायदा लागत नाही. लेआउटच्या फाइलबरोबर शेजारच्या चार गटांचा नकाशा जोडलेला असला पाहिजे, आणि खुली जागा कुठल्या कडेला आहे हे तपासणाऱ्यानं सही करण्याआधी पाहिलं पाहिजे.